वरच्या दाढा मागे सरकवायच्यात: हेडगिअर, पेंड्युलम की टाळूत स्क्रू?

सायलीची_आई

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितेय, कारण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अर्धवटच येतात.

मुलगी बारा पूर्ण झाली. वरचा उजवा सुळा अगदी वर, हिरडीतून डोकावतोय, आणि डावा अजून आलाच नाहीये, कारण दोघांनाही जागा नाही. लहानपणी तिच्या दुधाच्या सगळ्यात मागच्या वरच्या दाढा किडल्या म्हणून लवकर काढाव्या लागल्या होत्या. आता ऑर्थोडॉन्टिस्ट (वेडेवाकडे दात जागेवर आणणारे डॉक्टर) म्हणतात की त्या रिकाम्या जागेत सहा वर्षांच्या दाढा, म्हणजे पहिल्या कायमच्या दाढा, पुढे घसरून आल्या आणि जराशा फिरल्यासुद्धा. त्यांनी प्लास्टरचे साचे हातात देऊन दाखवलं, वरच्या दाढेचा पुढचा बाहेरचा उंचवटा खालच्या दाढेच्या खाचेत बसायला हवा, हिचा तो खाचेच्या पुढे येऊन उंचवट्यावर उंचवटा टेकतो. दोन्ही बाजूंना तसंच. खालचे दात नीट आहेत, ओठ पुढे नाहीत, बाजूने चेहरा चांगला दिसतो असं म्हणाले.

तर दाढा मागे न्यायला त्यांनी तीन पर्याय दिलेत. हेडगिअर, म्हणजे मानेला किंवा डोक्याला पट्टा लावून बाहेरून दाढा ओढणारं, पेंड्युलम म्हणून टाळूला चिकटून बसणारं एक उपकरण, किंवा टाळूत दोन छोटे स्क्रू घालून त्यावर बसवलेलं उपकरण. दुसरं मत घ्यायला गेलो तर ते डॉक्टर म्हणाले कशाला एवढा खटाटोप, वरच्या दोन उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) काढा आणि ब्रेसेस लावा. आता मी आणि हिचे बाबा दोघंही गोंधळलोय. या तिन्हींत नेमका फरक काय, कशाने दाढ जास्त मागे जाते, आणि बाराव्या वर्षी तोंडात स्क्रू घालणं बरोबर आहे का? ज्यांनी स्वतः केलंय किंवा मुलांचं केलंय त्यांनी लिहा प्लीज, डॉक्टर कोणी असतील तर फारच बरं.

दंतरेषा

ताई, मी ऑर्थोडॉन्टिस्ट आहे. एक्सरे आणि साचे बघितल्याशिवाय तुमच्या मुलीला काय करावं हे मी सांगणार नाही, पण फरक सांगू शकते.

सगळे विचारतात कशाने दाढ जास्त मागे जाते. माझ्या मते त्याआधी विचारायचं ते हे की दाढ मागे ढकलताना उपकरण आधार कशाचा घेतंय. गुळगुळीत फरशीवर उभं राहून जड कपाट ढकललं तर कपाट थोडं सरकतं आणि आपले पायही उलट्या बाजूला घसरतात, तोंडातही हेच होतं. दाढेला मागे जेवढा जोर लागतो तेवढाच जोर कशाला तरी पुढे लागतो. ती कशाला तरी गोष्ट कोणती, यावर या तीन उपकरणांतला बहुतेक सगळा फरक आहे.

हेडगिअरमध्ये आधार तोंडाबाहेर असतो, मानेचा किंवा डोक्याचा, त्यामुळे पुढचे दात पुढे जायचा प्रश्नच नाही. शिवाय वाढत्या वयात वरच्या जबड्याची पुढची वाढही थोडी रोखली जाते. जुनी पद्धत आहे, १९४७ मध्ये क्लोन यांनी मानेच्या पट्ट्याचा वापर मांडला तेव्हापासून ती रूढ झाली. पण रोज १२ ते १४ तास घालावं लागतं आणि मुलांनी घातलं तरच काम होतं, घातलं नाही तर शून्य. मानेचा पट्टा असेल तर दाढ मागे जाताना थोडी खालीही उतरते, म्हणून ज्यांचा चेहरा मुळात लांबट आहे, समोरचे दात एकमेकांवर येत नाहीत, त्यांना मानेचा देत नाहीत, डोक्यावरून वर ओढणारा देतात.

पेंड्युलम १९९२ मध्ये हिल्गर्स यांनी आणलं. टाळूवर ॲक्रिलिकची गोल चकती, ती उपदाढांना तारांनी धरलेली, आणि तिच्यातून दोन स्प्रिंगा निघून दाढांना बसवलेल्या धातूच्या कड्यांमध्ये (बँड) आतल्या बाजूने अडकतात. मुलाला काही घालायचं काढायचं नसतं, हा मोठा फायदा. पण इथे आधार उपदाढांचा आणि टाळूवरच्या मऊ आवरणाचा आहे, म्हणजे घसरणारा. दाढ मागे जाते तशा उपदाढा पुढे येतात, समोरचे दातही थोडे पुढे झुकतात. दुसरं म्हणजे स्प्रिंग सरळ रेषेत ढकलत नाही, कमानीत फिरते, त्यामुळे दाढ मागे जाता जाता आतही ओढली जाते आणि तिचा तोंडात दिसणारा भाग मुळांपेक्षा जास्त मागे जाऊन ती कलते. डॉक्टर स्प्रिंग वाकवताना हे धरून चालतात, काही वेळा चकतीत रुंदी वाढवणारा स्क्रूही टाकतात.

तिसऱ्यात आधार थेट हाडाचा. स्क्रू जागेवर राहिला तर पुढचं काही पुढे जात नाही.

अजून एक, तुमच्या डॉक्टरांनी दाढ फिरलीये म्हणाले ते महत्त्वाचं आहे. वरची दाढ पुढे घसरते तेव्हा ती आतल्या मुळाभोवती फिरते, आणि फिरलेली दाढ जास्त जागा खाते. नुसती सरळ फिरवली तरी बाजूला एखाद दोन मिलीमीटर सुटतात. म्हणजे दाखवतात तेवढं सगळं अंतर ढकलावं लागेलच असं नाही.

रात्रीचा_वाचक

माझ्या मुलाने हेडगिअर वापरलंय म्हणून लिहितो. तो तेव्हा अकरा साडेअकराचा होता. शाळेत घालून जायचं नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं, संध्याकाळी अभ्यासाला बसला की घालायचं ते सकाळी उठेपर्यंत. पहिला आठवडा दाढा दुखल्या, चावून खायला नको म्हणायचा, मग सवय झाली. खरं काम आमचं होतं, रोज संध्याकाळी आठवण करणं, कधी पाहुणे, कधी लग्नकार्य, कधी तापाने झोपलेला. डॉक्टरांनी एक तक्ता दिला होता त्यात तो स्वतः तास लिहायचा आणि दर भेटीला दाखवायचा, त्या तक्त्याचा खूप उपयोग झाला, कारण ते त्याचं स्वतःचं काम झालं, आईबाबांची कटकट राहिली नाही. दाढा गेल्या मागे, सुळ्यांना जागा झाली.

पण सायलीची आई, एक गोष्ट कळकळीने सांगतो. ती तोंडातून बाहेर येणारी जाड तार असते ना, फेसबो, ती ओढून सोडली तर परत उसळून चेहऱ्यावर लागू शकते, डोळ्याला इजा झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. म्हणून जोर पडला की आपोआप सुटणारा पट्टा आणि दाढेच्या नळीत लॉक होणारी तार असं दोन्ही असलेलंच घ्या, डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि काढताना आधी पट्टा, मग तार, हा क्रम मुलीकडून तुमच्यासमोर करवून घ्या. घालून खेळायचं नाही म्हणजे नाही.

ऑर्थो_विद्यार्थी

मी ऑर्थोडॉन्टिक्सचं शिक्षण घेतोय, दंतरेषा मॅडमनी मुद्दा बरोबर धरलाय, त्याला आकडे जोडतो.

याच विषयावर कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) २०१३ चा आढावा आहे, मुलं आणि किशोरवयीनांच्या वरच्या पहिल्या दाढा मागे नेण्यावर. १० अभ्यास, मिळून ३५४ रुग्ण. तोंडातल्या उपकरणांनी हेडगिअरपेक्षा दाढ सरासरी दीडेक मिलीमीटर जास्त मागे गेली, पण त्याच वेळी समोरचे दात सरासरी १.८ मिलीमीटर जास्त पुढे आले. म्हणजे मिळालं त्यातलं बरंच पुढच्या बाजूने परत द्यावं लागलं. अभ्यासांचा दर्जा कमी असल्याचं त्यांनीच म्हटलंय, त्यामुळे एक आकडा धरून बसू नका, पण दिशा कळते.

२००८ चा अजून एक आढावा आहे, फक्त तोंडातल्या, मुलाच्या सहकार्यावर अवलंबून नसलेल्या उपकरणांवर. सरासरी दाढ २.९ मिलीमीटर मागे, ५.४ अंश कललेली, उपदाढा १.७ मिलीमीटर पुढे, समोरचे दात १.८ मिलीमीटर पुढे. आणि त्यात मला सगळ्यात कामाचं वाटलेलं म्हणजे ज्या उपकरणांचा जोर टाळूकडून लागतो त्यात दाढ कमी कलते आणि गालाकडून लागतो त्यात बरीच जास्त, दुपटीहूनही जास्त फरक आहे. त्यामुळे जोन्स जिगसारखी गालाकडची उपकरणं आणि डिस्टल जेटसारखी टाळूकडची उपकरणं एकाच पारड्यात टाकू नयेत. डिस्टल जेट १९९६ चं, कारानो आणि टेस्टा यांचं, त्यात नळीवरून सरकणारी स्प्रिंग दाढेच्या मुळांच्या मध्याजवळून ढकलते, म्हणून दाढ बऱ्यापैकी उभीच मागे जाते. पेंड्युलमला पर्याय म्हणून डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारा, ते स्क्रूशिवायही होतं आणि स्क्रूवरही बसवता येतं.

हाडाचा आधार असलेल्यांचं २०१३ चं एक एकत्रित विश्लेषण आहे, त्यात साध्या, म्हणजे दात आणि टाळूच्या, आधारावर दाढ सरासरी ३.३ मिलीमीटर मागे आणि स्क्रू किंवा प्लेटवर ५.१. पण मला आकड्यापेक्षा दुसरी गोष्ट मोठी वाटते, साध्या आधारात उपदाढा २.३ मिलीमीटर पुढे आल्या आणि हाडाच्या आधारात त्या पुढे यायच्या ऐवजी ४ मिलीमीटर मागेच गेल्या. दाढ मागे गेली की दातांमधले हिरडीचे तंतू उपदाढेलाही मागे खेचतात, कोणी तिला अडवून धरलं नसलं की ती आपोआप जाते. अर्धं पुढचं काम फुकटात होतं.

सायलीची_आई

बापरे किती छान समजावलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद. म्हणजे कागदावर स्क्रूच पुढे दिसतोय, पण मला भीती त्याचीच वाटतेय. बारा वर्षांच्या मुलीच्या टाळूत स्क्रू, हाड अजून वाढतंय ना? सुटला तर? झोपेत गिळला तर? आणि तिची बारा वर्षांची दाढ, म्हणजे दुसरी कायमची, अजून आलेली नाहीये, एक्सरेत हिरडीखाली दिसते, तर आता करावं की ती आल्यावर, याबद्दल दोन डॉक्टर दोन गोष्टी सांगतात.

दंतरेषा

स्क्रूची भीती सगळ्याच आईवडिलांना वाटते, आणि विचारायलाच हवं.

टाळूच्या मधोमध दोन हाडांची शिवण असते, ती या वयात पूर्ण जुळलेली नसते. म्हणून वाढत्या मुलांत स्क्रू बरोबर मध्यरेषेवर न घालता पुढच्या भागात, जिभेला लागतात त्या आडव्या वळ्यांच्या मागे, मध्यापासून किंचित बाजूला घालतात. तिथे हाड चांगलं असतं आणि दातांची मुळं वाटेत नसतात. भूल फक्त तेवढ्या जागेची, दात काढताना देतात तशीच. दात काढण्याच्या मानाने त्रास कमी. मुलांत गालाकडून दोन मुळांच्या मध्ये घातलेले स्क्रू सैल होण्याचं प्रमाण जास्त आहे, शिवाय दाढा मागे सरकवताना मुळंच स्क्रूवर येऊन अडतात, म्हणून या कामासाठी मी टाळूच पसंत करते. दोन स्क्रू एका पट्टीने जोडलेले असतात, त्यामुळे एक सैल झाला तरी तो पट्टीला धरलेला राहतो, गिळण्याची शक्यता फार कमी. सैल झाला तर जिभेला हलणं कळतं, लगेच दाखवायचं, दुसऱ्या जागी घालता येतो. काम झालं की उलटा फिरवून काढतात, जखम काही दिवसांत भरते.

सुटण्यापेक्षा जास्त वेळा दिसणारी अडचण म्हणजे स्वच्छता. स्क्रूच्या गळ्याभोवती अन्न साचलं की हिरडी सुजते आणि मग स्क्रू हलायला लागतो. रोज मऊ ब्रशने तिथे घासायला लागतं, आरशात दिसत नाही म्हणून सुरुवातीला तुम्हीच घासून द्या.

बारा वर्षांच्या दाढेबद्दल दोन मतं आहेत आणि दोन्हींना कारण आहे. ती आलेली नसेल तर ढकलायला एक दाढ कमी, आधारावर ताण कमी, म्हणून आत्ता करा असं एक मत. दुसरं असं की हिरडीतली न आलेली दाढ पहिल्या दाढेच्या मुळाच्या मागे टेकूसारखी राहते आणि त्यामुळे पहिली दाढ मागे जाताना जास्त कलते. पेंड्युलमवरच्या अभ्यासांत हे दिसलंय. मात्र सगळे अभ्यास एकत्र ठेवले तर दाढ किती मागे गेली यात दुसरी दाढ आल्या न आल्याने सरासरी फार फरक पडत नाही, मुलामुलांत मात्र खूप पडतो. मी एवढंच बघते की सुळ्याची जागा बंद होतेय का. तुमच्या मुलीचा डावा सुळा अडकलाय म्हणता, तो एक्सरेत कुठे कसा झुकलाय हे आधी नीट बघा, कारण सुळा टाळूकडे वळून शेजारच्या दाताच्या मुळावर जाऊ लागला तर वाट बघण्यात नुकसान आहे.

आभाळवेडी

माझं पेंड्युलम झालंय, चौदाव्या वर्षी, आता कॉलेजात आहे. कोणी वापरणाऱ्याने लिहिलं नाही म्हणून.

पहिले काही दिवस स आणि श नीट यायचे नाहीत, वर्गात मोठ्याने वाचायला नको वाटायचं, मग जीभ आपोआप शिकली. दुखणं म्हणजे डॉक्टरांनी स्प्रिंग अडकवली की दोन तीन दिवस दाढा भरून आल्यासारख्या, बस. खरा वैताग त्या चकतीचा. तिच्याखाली भाताची शितं जातात, चुळा भरूनही निघत नाहीत, मला पाण्याचा फवारा मारायचं छोटं मशीन घेतल्यावर सुटका झाली. काढली तेव्हा टाळूवर चकतीच्या कडेचा लाल गोल उमटला होता, आठवडाभरात गेला.

आणि मधल्या काळात आरशात बघून मला वाटायचं की माझे समोरचे दात पुढे यायला लागलेत, आणि ते खरंच आले होते. कोणी आधी सांगितलंच नव्हतं त्यामुळे मी खूप रडले. नंतर ब्रेसेसने ते मागे गेले, आता छान आहेत. पण तुम्ही पेंड्युलम निवडलं तर मुलीला हे आधी सांगा, त्या वयात चेहऱ्यात होणारा असा बदल एकट्याने बघणं फार जड जातं.

चौथी_खुर्ची

इतर पर्यायांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून थोडं. मी दंतवैद्य आहे, अलाइनर (दातांवर घालायचे पारदर्शक साचे) जास्त करते.

अलाइनरने दाढा मागे नेता येतात, पण एकावेळी एक, आधी सगळ्यात मागची, मग तिच्या पुढची, आणि मिळतात साधारण २ ते अडीच मिलीमीटर, तेही दिवसभर घातले तर. तुमच्या मुलीची दुसरी दाढ आणि सुळे दोन्ही यायचे आहेत, त्यामुळे आत्ता तिथे जाऊ नका. कॅरिएर मोशन म्हणून एक आहे, सुळ्यापासून दाढेपर्यंत गालाकडून जाणारी धातूची कडक पट्टी, आणि तिला खालच्या दाढेपासून रबर लावायचं. दिसायला सुटसुटीत आहे, पण सुळा आलेला असावा लागतो, नाहीतर उपदाढेवर चिकटवावी लागते, रबर जवळजवळ दिवसभर लागतं आणि आधार खालच्या दातांचा असल्यामुळे खालचे समोरचे दात पुढे झुकतात. खालचे दात नीट असलेल्या मुलीत ते का बिघडवायचे?

उपदाढा काढण्याबद्दल, तो सल्ला वाईट नसतो, पण तो कुणासाठी हे बघावं लागतं. ओठ पुढे असतील, गर्दी खूप असेल, चेहरा लांब असून समोरची चाव उघडी असेल तर दाढा मागे ढकलून चाव अजून उघडते, तिथे दात काढणंच योग्य. तुम्ही जे लिहिलंय त्यात दाढा मुळात आपल्या जागेवरून पुढे घसरलेल्या आहेत, म्हणजे हरवलेली जागा परत मिळवायची आहे. अशा मुलांत चांगले दात काढण्याआधी दाढा मागे नेण्याचा विचार नक्की व्हायला हवा. त्या दुसऱ्या डॉक्टरांना विचारा की काढल्यावर तिचे ओठ किती आत जातील, त्यांनी सेफ एक्सरेवर (चेहऱ्याचा बाजूने काढलेला एक्सरे) मोजून दाखवावं.

सायलीची_आई

सेफ काढलाय, मोजून मागते. मुलीला काल आभाळवेडीचं उत्तर वाचून दाखवलं, तिने दोनदा ऐकलं आणि म्हणाली मला स्क्रूचा फोटो दाखव. हेडगिअरला तिचा स्पष्ट नकार आहे, जबरदस्ती करून तास भरायचे नाहीत हे मला आणि तिच्या बाबांना पटलंय.

एकच राहिलं. दाढा मागे गेल्या की उपकरण काढून लगेच ब्रेसेस लावतात का?

दंतरेषा

नाही ताई, आणि हे विचारलंत ते फार बरं केलंत, कारण कष्टाने मिळवलेली जागा बहुतेक वेळा इथेच हातची जाते. दाढ नुकतीच मागे गेलेली असते, कललेली असते, तिची मुळं अजून मागे पोचायची असतात. उपकरण काढून टाकलं आणि पुढचे दात तारेने मागे ओढायला दाढेचाच आधार घेतला तर ती परत पुढे येते. म्हणून दाढा गरजेपेक्षा किंचित जास्त मागे नेऊन ठेवतात, मग काही महिने नुसत्या धरून ठेवतात, मुळं सरळ होऊ देतात, त्या वेळात उपदाढा आपोआप मागे वळतात, आणि नंतर पुढचे दात. पेंड्युलम असेल तर ते काढून टाळूवर नुसती धरून ठेवणारी चकती बसवतात. डिस्टल जेट तिथल्या तिथे लॉक करून धरून ठेवायच्या कामाला लावता येतं. स्क्रूचं उपकरण असेल तर स्प्रिंग बंद करून तसंच ठेवायचं, ब्रेसेस त्याच्या सोबतच लागतात आणि शेवटपर्यंत दाढेला हाडाचा आधार राहतो.

डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा की दाढा मागे गेल्यावर त्या कशाने धरणार आणि किती महिने. आणि अक्कलदाढांचे अंकुर एक्सरेत कुठे आहेत तेही बघायला सांगा, मागे जागा किती आहे हे त्यावरूनही कळतं.